न धुतलेली गोदडी

माझं नाक आता कामातून गेलं आहे. मध्यंतरी एक ताप आला आणि जाताना वास घेण्याची शक्ती बरोबर घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. उमेदीची सारी वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला असल्या ‘हळूहळू’चा अर्थ बरोबर कळतो. गॅसवर दूध करपलं तर मला शेजारीण हाक मारून सांगते. फोडणीतला लसूण झाला की नाही, ते मी डोळ्यांनी ठरवते. शाळेत असताना मी देवाजवळ रोज एकच मागणं मागायचे, की आमच्या घरातला वास एकदाचा जाऊ दे. म्हातारपणी त्याला ते आठवलं आणि त्यानं घराऐवजी माझं नाकच बंद करून टाकलं. देवाच्या कारभारात उशीर फार.

आमचं घर डहाणूला, किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या आळीत. ते शोधायला पत्ता लागत नसे. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत असायचे, ओटीवर सुकटीचे ढीग, माळ्यावर बांधून ठेवलेली जाळी, आणि या सगळ्याचा मिळून एक वास, जो कपड्यांत, वह्यांत, केसांत, पाण्याच्या माठातसुद्धा शिरायचा. आळीत कुणाला तो जाणवत नसे. तो आहे हे मला कळलं गावातल्या हायस्कुलात गेल्यावर, जेव्हा बाकावरच्या मुलीनं रुमाल नाकाला लावला आणि हळूच पलीकडे सरकली. त्या दिवसापासून मी लिंबाच्या साली बोटांना चोळायला लागले, पावडरचे डबे संपवायला लागले, शाळेचा गणवेश घरात न ठेवता चिकूच्या वाडीजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या दोरीवर वाळत घालायला लागले. आईला, म्हणजे बयला (आम्ही आईला बय म्हणायचो), या सगळ्याची भारी गंमत वाटायची. “वास कसला गो येतो तुला?” ती म्हणायची. “ह्या वासाचाच तर भात होतो आपल्याकडे. जेवताना नाय येत तो वास?” मी फणकाऱ्याने ताट घेऊन उठायचे. पण कालवण बोंबलाचं असलं तर दोन घास जास्त खाऊन उठायचे, हेही खरं.

बय उंच होती, आवाजाने खणखणीत होती, आणि तिच्या हसण्याला घरदार कमी पडायचं. बापू, माझे वडील, समुद्रावर जायचे आणि घरी आले की चार शब्दांत दिवस संपवायचे. त्यांच्या वाटणीचंही तीच बोलायची. ताजी मासळी ती डहाणूच्या बाजारात विकायची, पण तिचा खरा जीव सुक्या मासळीच्या फेरीवर. दर आठवड्याला डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली घेऊन ती एसटीने तलासरीच्या बाजाराला जायची आणि तिथून पुढे झरीपर्यंत चालत. झरीच्या पाड्यावर जानी नावाची तिची एक वारली मैत्रीण होती. मासळीच्या बदल्यात जानी तिला भात द्यायची, कधी कंद, कधी करवंदं, कधी वालाच्या शेंगा. सुट्टीत मी एक-दोनदा बरोबर गेले होते. बसमध्ये बय शिरली की आजूबाजूची माणसं नाक मुरडून उठायची, कंडक्टर “मावशी, टोपली मागं, मागं” म्हणून ओरडायचा, आणि मला जमीन दुभंगावी असं व्हायचं. बय मात्र रिकाम्या झालेल्या सीटवर ऐसपैस बसायची, मला शेजारी ओढायची आणि कानात सांगायची, “बघ गो, आपल्याला नेहमी बसायला जागा मिळते.”

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती, पण विचारली नव्हती. टोपलीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ ती जुन्या लुगड्याच्या काठाला पीळ देऊन स्वतः बनवायची. घरून निघताना चुंबळ लाल काठाची असली, तर येताना निळ्या काठाची असायची. पुढच्या खेपेला निळी जायची, लाल यायची. बायकांच्या हजार सवयींतली एक, असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पावसाळ्याआधीचे दिवस सुक्या मासळीच्या विक्रीचे. त्या दिवसांतच बय झरीहून अंगात ताप घेऊन आली आणि चौथ्या दिवशी गेली. इतकंच लिहिते. त्या चार दिवसांबद्दल जास्त लिहायला मी बसलेली नाही. तिला नेताना बापूंनी घरात होती ती लाल चुंबळ तिच्या डोक्याखाली ठेवली.

माझी धाकटी बहीण कुशी तेव्हा सहा वर्षांची होती. बय गेल्यावर तिने पेटीतून बयचं एक हिरवं लुगडं ओढून काढलं आणि त्याचा गोळा छातीशी धरून ती घरभर फिरायला लागली. ते हातात असलं की दोन घास खायची, तोंडावर घेतलं की झोपायची. काढून घेतलं की ओरडायची नाही, नुसती थरथरायची. पाऊस लागला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, बापू घरात बसून जाळी सांधायला लागले आणि आमच्याकडे राहायला आलेली आत्या एक दिवस म्हणाली, “नले, बयची लुगडी पाच हायत. गोदडी करू. दोघी पोरी तिच्याखाली निजतील. लुगडी जरा उन्हात टाक, उघडीप हाय तर.” आमच्या आळीत बाई गेली की तिची लुगडी परक्याला देत नसत, त्यांची गोदडी व्हायची आणि ती लेकींकडे जायची. आत्याने असल्या कितीतरी शिवल्या होत्या.

आत्या म्हणाली होती, उन्हात टाक. धू असं तिने म्हटलंच नव्हतं. ती लाकडं आणायला गेली, बापू होडीकडे, आणि मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. माझ्या मनात काय होतं ते आज लपवायचं कारण नाही. ही गोदडी ओटीवर पडणार, कधीतरी शाळेतली एखादी मुलगी घरी येणार, आणि माझ्या मेलेल्या आईसमोर नाकाला रुमाल लावणार, हे मला सहन होणार नव्हतं. आयुष्यभर लोकांनी तिच्यापासून दूर सरकून बसावं, ते आता तरी थांबावं असं मला वाटत होतं. धुण्याचा सोडा घातला, रिठे घातले, वर लिंबाचा पाला टाकला. चार लुगडी झाली. पाचवं, हिरवं, दुपारी झोपलेल्या कुशीच्या हातात होतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिची झोप मोडली नाही, याचा मला आनंदसुद्धा झाला. तीन पाण्यांतून काढून, पिळून, मी पाचही लुगडी दोरीवर टाकली तेव्हा अंगणात दवाखान्यासारखा स्वच्छ वास सुटला होता.

कुशी उठली, बाहेर आली आणि दोरीखाली उभी राहिली. तिने हिरव्याचं टोक धरून नाकाशी नेलं. मग दुसऱ्या लुगड्याचं, मग तिसऱ्याचं. पाचव्यापर्यंत ती अगदी शांतपणे गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ही बयची नाय.” आणि तिथेच चिखलात बसली.

मी धावत जाऊन हिरव्या लुगड्यात तोंड खुपसलं. रिठे, सोडा, लिंबू. कुठेही बय नव्हती. अख्खं घर हुंगलं तरी सापडेना, कारण घराचा वास आळीचा होता, बोंबलाचा होता. बोंबील, घाम, पान-तंबाखू आणि तिच्या डोक्याचं तेल यांचं जे काही एकत्र झालेलं होतं ते त्या पाच लुगड्यांतच होतं आणि ते मी गटारात ओतलं होतं. आत्या आली, दोरीकडे बघून तिने डोक्यावरची मोळी खाली ठेवली. मला वाटलं, आता मार बसणार. ती म्हणाली, “धुतलीस होय? चांगली निघालीत हो.” त्यापेक्षा मार बरा होता असं मला अजून वाटतं. बापू आले, दोरीकडे बघून पुन्हा होडीवर जाऊन बसले आणि पाऊस आला तरी उठले नाहीत.

कुशी त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना. बोलेना म्हणजे रुसली नव्हती. मी तिच्या लेखी उरलेच नव्हते. माझ्या हातचं खाईना. आत्या मांडीवर घेऊन पेज भरवायची, त्यातली अर्धी बाहेर यायची. बापूंच्या जाळ्याच्या ढिगावर ती पडून असायची, आणि तिचे हात कोपरापासून काडीसारखे झाले होते. नर्स म्हणून पुढे मी खूप पोरं पाहिली, म्हणून आज सांगते, ती खरंच जाईल इतकी खाली गेली होती. आत्याला ते दिसत होतं. मला तर दुसरं काही दिसतच नव्हतं.

गोदडी तरीही शिवायला घेतली, कारण आत्या म्हणाली, धरलेलं काम अर्धं टाकायचं नाही. ओटीवर लुगडी एकावर एक अंथरली, कडांना पाटा, वरवंटा आणि दोन नारळ ठेवले, आणि आत्या बाहेरून आत अशी टाके घालत सरकू लागली. मी तिच्या समोरच्या बाजूने. माझे टाके बारीक यायचे. “शिंप्याचं दुकान नाय गो हे,” ती म्हणायची, पण उसवायला लावायची नाही. चौथ्या दिवशी बापू जाळ्यावरून उठून आले आणि त्यांनी सुईत जाळं सांधायचा दोरा ओवला. बापूंनी कापडाला कधी सुई लावली नव्हती. त्यांनी काठाला जाळ्याच्या गाठी मारत नेल्या, एकेक गाठ दाताने आवळून. आत्याने तोंडात पदर धरला. मला वाटलं ती हसतेय. बाहेर पाऊस धो-धो, चुलीवर सुकटीची चटणी, आणि तीन माणसं तीन कडांना वाकलेली. चौथी कड रिकामी होती आणि कुशी पाठ करून जाळ्यावर.

आत्याची एक रीत होती. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर तांदूळ घालायचे आणि मग तोंड शिवायचं. तिला ती गोदडीचं पोट भरणं म्हणायची. भरल्या पोटाची गोदडी ज्याच्या अंगावर पडते त्याला उपाशी निजावं लागत नाही, असा तिचा विश्वास. तो घास लेकीने घालायचा. गोदडी झाली, कोपरा उरला, आत्याने भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि माझा हात पुढे जाईना. ज्या बाईला मी धुऊन काढलं तिच्या पोटात मी काय घालणार? मी तुकडा परत ताटात ठेवला. दोन दिवस गोदडी तशीच उघड्या तोंडाची पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जानी आली. डोक्यावर पानांचं इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत फडक्यात बांधलेला भात. भाताची लावणी सुरू झाल्यामुळे तिला पाड्याबाहेर पडता आलं नव्हतं, आणि बातमी कळली तीही तलासरीच्या बाजारात कुणाकडून तरी. ती ओटीवर बसली आणि किती वेळ नुसती रडली. तिच्याबरोबर आत्या रडली. मग डोळे पुसून तिने कमरेची गाठ सोडली आणि एक पानात गुंडाळलेली वस्तू माझ्यापुढे धरली. निळ्या काठाची चुंबळ.

“तुनी आयस ठेवून गेली,” जानी म्हणाली. “दर येळी ठेवून जायची. एक माझे खुंटीवर, एक तिचे डोक्यावर. म्हणायची, चुंबळ हिथं हाय, म्हणजे मना परत यायलाच पायजे. मी लय दिस वाट बघली, पोरी. लावणीत पन रोज खुंटीकडं बघायची.” ती थांबली. “आता नांय यायची ती. मग मी ठेवून काय करू? तुमची हाय, तुमाला बेस.”

मी चुंबळ हातात घेतली. तिचा मधला भाग बयच्या डोक्याने चपटा झालेला होता आणि काठाला एक लांब केस अडकलेला होता. नाकाशी न्यायची गरजच पडली नाही. तो वास आपणहून आला, थोडा जानीच्या चुलीच्या धुराचा, बाकी सगळी बय. ज्या वासासाठी मी लिंबाच्या साली झिजवल्या तोच. मी ओटीवर बसून मोठ्याने रडले, बय गेली त्या दिवशीही रडले नव्हते इतकी. जानीला काय वाटलं कोण जाणे, तिने माझा हात धरला आणि घाईने म्हणाली, “धू नको हां. धू नको ती.” तिला काहीच माहीत नव्हतं. दोरीही तेव्हा रिकामी होती.

वास घरात कुशीपर्यंत पोचला असेल, किंवा माझं रडणं पोचलं असेल. ती उठून ओटीवर आली. चुंबळ मी तिच्या हातात दिली. तिने ती तोंडावर धरली, बराच वेळ धरली, आणि तिच्या खांद्यांतली ती थरथर हळूहळू कमी झाली. आता ही ती कधीच सोडणार नाही, असं मला वाटलं, आणि सोडू नये असंही वाटलं. पण मग तिने चुंबळीवरून डोळे वर करून ओटीवरच्या गोदडीकडे पाहिलं, उघड्या कोपऱ्याकडे. आत्या तिला रोज तो कोपरा दाखवून म्हणत असे, बघ, हीसुद्धा तुझ्यासारखी उपाशी बसलीय. कुशी चालत गेली, वाकली आणि तिने चुंबळ त्या कोपऱ्यात सारली. मग ताटातली भाकरी उचलून अर्धी आत घातली आणि अर्धी स्वतः खाल्ली. कोरडी, उभ्या उभ्या. आत्या जागची हलली नाही, जणू हलली तर ते मोडेल. जानीने आपल्या फडक्यातले चार दाणे वर टाकले.

मी सुई घेतली. माझ्या सवयीचे बारीक बारीक टाके घालायला लागले तशी कुशी माझ्या मनगटाला धरून म्हणाली, “लांब घाल. वास बाहेर आला पायजे.” किती दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मी लांब लांब टाके घातले, इतके वाकडे की आत्याला बघवेना, पण तिने उसवायला लावलं नाही. त्या दुपारी कुशी कोपरा नाकाशी घेऊन झोपली ती दिवेलागणीला उठली आणि उठल्या उठल्या भात मागितला. भात जानीचा होता.

आज इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त वाटतं ते हेच, की त्या बाईने तो वास जपून ठेवला होता. तिच्या झोपडीत आधीच माणसं फार आणि खुंट्या दोन. त्यातली एक तिने बयला दिली होती. त्या उपकाराची परतफेड मला जमली नाही, आणि ती मागणारी ती नव्हती. एवढंच केलं, की पाऊस थोडा सरला तेव्हा माळ्यावर उरलेल्या बोंबलांची टोपली मी स्वतः डोक्यावर घेतली. हिरव्या लुगड्याचा काठ उरला होता, त्याला पीळ देऊन चुंबळ केली. कुशीला बरोबर घेतलं. बसमध्ये आमच्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर बसली होती. तिने मला ओळखलं, टोपलीकडे बघितलं, आणि दोघी उठून पुढे गेल्या. माझे कान तापले. मग मी त्या रिकाम्या सीटवर बसले, कुशीला शेजारी ओढलं आणि म्हटलं, “बघ गो, आपल्याला बसायला जागा मिळाली.” झरीला जानीच्या खुंटीवर मी हिरवी चुंबळ अडकवून आले. पुढे नर्सिंगला जाईपर्यंत ती फेरी मी चुकवली नाही, आणि नोकरी लागल्यावरही सुट्टीत चुंबळ बदलून यायचे. जानी होती तोवर ती खुंटी कधी मोकळी राहिली नाही.

मी जन्मभर धूत आले. वॉर्डातल्या चादरी, पोरांचे हात, सुनेच्या मते आधीच स्वच्छ असलेली भांडी. ही एक गोदडी सोडून. ती सहा महिने माझ्याकडे असते, सहा महिने कुशीकडे, वेवजीला. कुशीला आता नातवंडं आहेत, गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, पण गोदडी माझ्याकडे आली की तिचा पहिला फोन तोच: “धुतली नाय ना?” आम्ही फक्त ऊन देतो. बापूंच्या गाठींतली अजून एकही सुटलेली नाही. वास इतकी वर्षं राहत नाही हे मला कळतं. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघी एकमेकींना “येतो गो, येतो” असं सांगत होतो, आणि मला वाटतं, दोघी थोडं खोटंच बोलत होतो. माझं नाक गेल्यावर तर मी साफच खोटं बोलायला लागले.

परवा माझी नात रिया बोईसरहून आली होती. दुपारी गोदडी ओढून लोळत पडली होती, एकदम उठून बसली आणि नाक मुरडून म्हणाली, “ई, आजी, ह्या कोपऱ्याला कसला तरी वास येतोय.”

“कसला?”

“माशासारखा. आणि धुरासारखा.”

तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. फोन लावायला मला तीनदा आकडे दाबावे लागले.

“कुशे,” मी म्हटलं, “वास येतोय.”

“तुला?”

“मला नाय गो. पोरीला.”

मग कुशी, सहा वर्षांची असताना बोलली होती तशाच हळू आवाजात म्हणाली, “तिला परत वास घ्यायला सांग. आणि फोन तिच्या नाकाजवळ धर.”

रियाला वाटलं, आज्यांना वेड लागलं. पण गुणी पोर आहे. तिने कोपरा नाकाशी नेला आणि मोठा श्वास घेतला. मी फोन तिच्याजवळ धरून उभी होते, आणि तिकडे वेवजीला माझी बहीण ऐकत होती.